वाकड्या पावलांच्या इंगूबाई

कर्जतच्या भिसेगावात आमच्या आळीत माझी ओळख ‘हाडं जोडणारा’ अशी आहे. ती साफ खोटी आहे. हाडं डॉक्टर जोडतात, मी त्यावर प्लास्टर चढवत असे. उभी नोकरी मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळाच्या प्लास्टर-रूममध्ये गेली. जिन्यावरून पडलेले, मोटरसायकलवरून उडालेले, भांडणात हात मोडून घेतलेले आणि पोलिसांना ‘बाथरूममध्ये घसरलो’ सांगणारे, सगळे माझ्या टेबलावर येऊन गेले. निवृत्त झालो तेव्हा आता हाताला पुन्हा हा पांढरा चिखल लागू द्यायचा नाही असं ठरवून मी घरापुढे भेंडी लावली. भेंडीला फुलं आली नव्हती तोच इंगूबाई दारात उभ्या राहिल्या.

नाव इंग्रिड, देश स्वीडन. आडनाव मला अजून उच्चारता येत नाही, त्यामुळे ते लिहिण्याचं धाडस करत नाही. तिकडे त्या व्यायामोपचार करत, म्हणजे फिजिओथेरपिस्ट. तिथून निवृत्ती घेतली आणि आराम करायचा सोडून कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यात आल्या. एका छोट्या संस्थेतर्फे वाड्यावाड्यांतली वाकड्या पायांची बाळं शोधायची आणि त्यांचे पाय सरळ करायचे, हे त्यांचं काम. पगार नाही. ताडमाड उंच, केस पांढरे, पायात पुरुषी सँडल. दारात उभं राहून त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमी पलास्टर घालता ना? मंग आमाला बी पायजेल.”

गोरी बाई मराठी बोलते याचं मला नवल नव्हतं, पण ती आमच्या कामवालीसारखं बोलते याचं होतं. नंतर कळलं की त्यांनी मराठीचा एकही वर्ग लावला नव्हता. पहिलं वर्ष त्या ठाकर आदिवासींच्या वाडीत बायकांबरोबर भात लावायला, लाकडं आणायला जात होत्या आणि भाषा तिथेच उचलली. पुढे एकदा संस्थेचे कुणी बडे पाहुणे आले, तेव्हा त्यांच्यासमोर बाई शांतपणे म्हणाल्या, “काय रं बाबांनो, च्या घ्येनार का?” पाहुण्यांनी चहा घेतला. मी त्यांना एकदा सुचवलं होतं की आपण थोडी शुद्ध भाषा शिकू या. त्यांनी विचारलं, “ती कोन बोलतं?” वाडीच्या हिशेबाने प्रश्न बरोबर होता.

आता हे काम काय ते सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. काही बाळांचं पाऊल जन्मतःच आत वळलेलं आणि खाली झुकलेलं असतं. तळवा जमिनीला टेकतच नाही. तसंच राहिलं तर मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालायला शिकतं आणि जन्मभर तसंच चालतं. पण बाळ काही आठवड्यांचं असताना पाऊल लोण्यासारखं मऊ असतं. ते हाताने हळूहळू थोडंसं सरळ दिशेला वळवायचं आणि तिथेच धरून बोटांपासून थेट मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं. आठवड्याने ते काढायचं, पाऊल आणखी थोडं वळवायचं, नवं घालायचं. अशी पाच-सहा प्लास्टरं झाली की मुंबईहून महिन्यातून एकदा येणारे डॉक्टर टाचेमागच्या शिरेला बारीकसा छेद देतात. मग एका पट्टीला जोडलेले दोन छोटे बूट, आधी दिवसरात्र आणि पुढे काही वर्षं नुसते झोपताना. मोडणं नाही, तोडणं नाही. सगळी करामत धीराची, आणि धीर ही वस्तू बाजारात मिळत नाही. आईबापांना ‘पी हळद अन् हो गोरी’ असं हवं असतं.

यात पाऊल धरायचं काम इंगूबाईंचं आणि पट्टी गुंडाळायचं माझं. मुंबईत मी हजारो प्लास्टरं केली असतील, पण बाळाच्या पायाला प्लास्टर करणं म्हणजे हलत्या मांजराला स्वेटर घालण्याचा प्रकार. बाई मात्र पाऊल धरायच्या आधी बाळाच्या आजीला पुढे बोलवायच्या. “आये, तू रोज मालीश करतीस ना? मंग तू धर. मी नुसती सांगतेय.” आजीच्या हातात बाळ रडत नाही, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात हेरलं होतं. त्या हातावर आपली दोन बोटं ठेवून त्या पाऊल वळवायच्या. घरी गेल्यावर आजी वाडीभर सांगत सुटायची की पाय मीच सरळ करते आहे. बाईंना ते ऐकून फार आनंद व्हायचा.

प्लास्टर कापायची माझी विजेची करवतही त्यांनी पहिल्याच दिवशी पेटीत घालायला लावली. तिच्या आवाजाने बाळं किंचाळतात. त्याऐवजी ठरल्या दिवशी सकाळी आईने घरीच बादलीत पाय बुडवून पट्टी भिजवायची आणि उलगडायची, असा नियम केला. मला ते पटलं नव्हतं. काढता येतं हे एकदा कळलं की लोक मनाला येईल तेव्हा काढतील, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, “त्यांचं पोर हाय, भाऊ.” या वाक्यावर वाद घालता येत नाही.

आमची खोली रस्त्याकडेच्या एका घराच्या पडवीत होती, वर पत्रा. पावसाळ्यात चार महिने सगळं ओलं. प्लास्टर सुकेना म्हणून बाया बाळाला चुलीजवळ घेऊन बसायच्या आणि बाहेर पडताना पायाला दुधाच्या पिशव्या बांधायच्या. एका बापाने पांढरं प्लास्टर लवकर मळतं म्हणून त्याला घराचा उरलेला निळा रंग लावून आणला. माथेरानला घोडा चालवणारा एकजण मुलीचा पाय सुधारल्यावर इतका खूश झाला की “आता माझ्या घोड्याचा बी पाय बघा,” म्हणून अडून बसला. बाई खरोखर जाऊन घोड्याचा पाय बघून आल्या. घोड्याला गुरांच्या डॉक्टरची गरज आहे एवढं सांगायला त्या तासभर चढण चढल्या होत्या.

स्वीडनमध्ये त्यांची बहीण आहे. तिची समजूत अशी की आपली बहीण घनदाट अरण्यात राहते आणि रात्री वाघ ओरडतात. बाईंनी तिला खालापूरच्या टोलनाक्याजवळ वडापाव खातानाचा फोटो पाठवला, तरी तिचा विश्वास बसेना. अरण्याने त्यांना त्रास दिला तो एवढाच की पहिल्या वर्षी त्यांनी शेवळांची रानभाजी एकट्यानेच शिजवली आणि त्यात काकडं घालायला विसरल्या. ती आंबट फळं घातली नाहीत तर शेवळं घसा धरतात. दोन दिवस बाईंच्या तोंडून शब्द फुटत नव्हता आणि वाडीतल्या बाया त्यांना बघून पदर तोंडाला लावत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याच बायांकडून भाजी शिकून घेतली.

अशा बाईंची आणि गोमाबाबाची गाठ पडली ती सोनीमुळे.

सोनी ही माथेरानच्या पायथ्याशी असलेल्या एका ठाकरांच्या वाडीतली. तिची आई जनी, बाप वर माथेरानला हॉटेलात कामाला आणि आजा गोमाबाबा. सोनीचं उजवं पाऊल आत वळलेलं होतं. गोमाबाबाचंही उजवंच, आणि तसंच. अशी पावलं कधीकधी घराण्यात उतरतात. बाबा पावलाच्या कडेवर चालायचा. तिथली कातडी खुरासारखी जाड झाली होती. त्याच पायाने त्याने सगळं आयुष्य डोक्यावर भाजीचे हारे घेऊन माथेरानचा डोंगर चढण्यात घालवलं होतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तो अंगणात पाय पसरून बसला आणि म्हणाला, “ह्यो बघ पाय. ह्याच्यानं मी काय डोंगर चढलो नाय? बायको केली, पोरं वाढवली. माझ्या नातीला कशाला बांधून घालतीस गं?”

मी त्याला समजवायला लागलो तेव्हा बाईंनी मला थांबवलं. “खरं हाय बाबा,” त्या म्हणाल्या, “तू चढलास. तुझा पाय लय जबर.” मग जनीकडे वळल्या. “तुला काय वाटतं गं?”

जनी सासऱ्यासमोर बोलत नसे. बाळाच्या पावलावरून हात फिरवत ती खाली मान घालून म्हणाली, “पोरगी हाय, बाई. पुरषाचं चालून जातं.” गोमाबाबा उठून गोठ्याकडे निघून गेला, पण त्याने नाही म्हटलं नाही.

सोनीची प्लास्टरं फार छान उतरली. पाचव्यापर्यंत पाऊल जवळजवळ सरळ झालं. मग सहावं, शेवटचं प्लास्टर घातलं आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टर येतील तेव्हा छेद असं ठरलं. तो दिवस आला, डॉक्टर आले, बाकीची बाळं आली, सोनी आली नाही. डॉक्टर गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही वाडीवर गेलो. सोनी पाळण्यात होती, पाय उघडा, आणि पाऊल पुन्हा आत वळायला लागलेलं. प्लास्टर काढून सहा-सात दिवस झाले होते.

त्या वाडीत रीत अशी की आवणी, म्हणजे भाताची लावणी, संपली की त्या वर्षी जन्मलेल्या पोरांचे उघडे पाय खाचरातल्या चिखलाला लावायचे. भुईला पोराची ओळख करून द्यायची. ओळख झाली नाही तर भुई त्या पोराला पुढे उभं करत नाही, ठेच लावते, पाडते. गोमाबाबाने सुनेला सांगितलं, आणि जनीने आम्हीच शिकवल्याप्रमाणे बादलीत पाय भिजवून पट्टी नीट उलगडली. मग चिखलाला लावलेले पाय लगेच पुन्हा झाकायचे नाहीत, म्हणून सोनीला तसंच ठेवलं.

मी जनीवर भडकलो. इतक्या आठवड्यांची मेहनत चिखलात घातलीत, असं म्हणालो. आजही मला वाटतं की कुणीतरी रागवायलाच हवं होतं आणि ते काम बाई कधी करणार नाहीत. जनी रडायला लागली. गोमाबाबा माझ्यावर गुरगुरला, “तुमी शिकलेली मानसं. भुईवर चालनार का तुमच्या पलास्टरवर चालनार पोर?”

बाई खाली बसल्या. त्यांनी सोनीचा पाय हातात घेऊन बराच वेळ चाचपला. मला त्यांचा चेहरा माहीत झाला होता, त्यांना वाईट वाटत होतं. मग त्यांनी बाबाला विचारलं, “दोनी पाय लावलं का?”

“लावलं.”

“नीट लावलं? भुईनं वळखलं?”

“वळखलं की.” बाबा जरा गोंधळला.

“मंग झ्याक झालं. आता फुडं काय हाय? कंचा देव, कंचा सण, ज्याला पाय उघडा लागंल?”

बाबाने आठवून पाहिलं. “आता काय नाय. निस्ती दिवाळी. दिवाळीला पाय नाय लागत.”

“मंग उद्यापासनं परत सुरू करूया. भुईला आता ठावं हाय पोरगी कोन ती. वाट बघंल ती.”

परतताना मी गाडीत बाईंना विचारलं की तुमचा असल्या गोष्टींवर विश्वास आहे का? त्या म्हणाल्या, आजोबाला नातीने उभं राहावं असं वाटतंय आणि त्यासाठी त्याला जे माहीत आहे ते त्याने केलं, आपणही तेच करतो आहोत. हे त्या इंग्रजीत म्हणाल्या. थकल्या की त्या इंग्रजीत बोलत. त्यानंतर प्रत्येक नव्या बाळाच्या घरी पहिला प्रश्न त्या हाच विचारू लागल्या, की तुमच्यात पाय कधी उघडा लागतो. कुणाच्यात नागपंचमीला, कुणाच्यात गावदेवीला. त्याप्रमाणे आम्ही प्लास्टरचे दिवस लावायचो. एवढ्या वर्षांत कुठल्याही इस्पितळात हा प्रश्न मी ऐकला नव्हता.

सोनीची पुन्हा चार प्लास्टरं झाली, गणपतीनंतर छेद दिला, बूट चढले. खरी परीक्षा बुटांची असते. पाय दुखत नाही, पण मोकळा नसतो, म्हणून पोर भोकाड पसरतं आणि आईला वाटतं, राहू दे एक दिवस. एक दिवसाचे चार होतात आणि पाऊल परत फिरतं. जनीही डगमगली असती. पण बूट चढवायचं काम गोमाबाबाने आपल्याकडे घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. तिन्हीसांजेला तो ओटीवर सोनीला मांडीवर घ्यायचा, पट्टे आवळायचा आणि तिला माथेरानच्या माकडांच्या गोष्टी सांगायचा. मी एकदा तपासायला गेलो तर पट्टे माझ्यापेक्षा नीट लावलेले होते. तसं म्हणालो तर तो बोलला, “जा रं, तुजा पगार मी घेत नाय.”

सोनी वर्ष सरल्यावर उभी राहिली आणि चालली. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट. जनीने तिला आमच्या पडवीत आणून सोडलं तेव्हा ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसती धावत होती, आणि मी काही भावुक माणूस नाही, पण मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. हे असं दर वेळी होतं. प्लास्टर-रूममध्ये माणूस मोडलेला येतो आणि पूर्वीसारखा होऊन जातो. इथे तो पूर्वी कधीच नव्हता तसा होतो. बाईंनी मला भेंडीपासून उठवून हे दाखवलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे आणि ते मी त्यांना कधी नीट सांगितलं नाही.

त्या आता इथे नाहीत. गुडघे गेले, वाड्या चढवेनात, आणि बसून राहायला त्या आल्या नव्हत्या. खालापूरची एक मुलगी फिजिओथेरपी शिकून त्यांच्या जागी आली आहे. हुशार आहे, शुद्ध बोलते. जायच्या आधी दोन वर्षं बाई काठी घेऊन चढत होत्या आणि मी मागून बघत होतो. इतरांची पावलं सरळ करणाऱ्या बाईच्या स्वतःच्या पायांना कुणी काही करू शकलं नाही, याची मला चुटपुट आहे.

सोनी चालायला लागली त्याच्या पुढच्या थंडीत एके सकाळी आमच्या पडवीच्या पायरीवर गोमाबाबा बसलेला दिसला. एकटाच. वाडीपासून चालत आला होता. आमच्याकडे चार बाळं प्लास्टरला आली होती, त्यांच्या आया बाकावर रांगेने बसल्या होत्या. बाबा सगळ्यांचं होईपर्यंत थांबला. मग आत आला, टेबलाशी उभा राहिला आणि बाईंकडे न बघता म्हणाला, “माज्या बी पायाला घाल गं.”

ज्या पायाची बढाई मारत हा माणूस जगला, तो पाय त्याने टेबलावर ठेवला होता. धुऊन आणला होता.

बाईंनी पाऊल हातात घेतलं. मला वाटतं त्या पावलाला दुसऱ्या कुणी असा हात लावलेला नव्हता, कारण बाबाचा सगळा पाय थरथरला. बाईंनी ते इकडेतिकडे हळूच वळवून बघितलं. वळलं नाही. हाडं त्याच आकारात पक्की झाली होती.

“नाय व्हनार, बाबा,” त्या म्हणाल्या. “खोटं नाय सांगत. न्हान असतास तर झालं असतं.”

बाबाने मान हलवली. मग म्हणाला, “मंग तवाच का नाय आलीस?”

बाबा लहान असताना बाई स्वतः जन्मल्या नव्हत्या, पण हे उत्तर नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण दोन्ही हातांत त्याचा पाय होता.

मग त्या मला म्हणाल्या की साचा घेऊ. म्हणजे पायावर प्लास्टर चढवायचं, पाचएक मिनिटांत घट्ट झालं की पुढून चिरून अलगद काढायचं आणि त्या पोकळ आकारावरून पायाला बसेल असा जोडा करून घ्यायचा. जोड्याने पाय सरळ होत नाही, पण कडेवरचा भार कमी होतो, घट्टे फुटत नाहीत. त्यांनी हे बाबाला दोनदा समजावलं, म्हणजे त्याची भलती समजूत व्हायला नको. त्याला समजलं होतं. पुढे कर्जतच्या बाजारात एका चपला शिवणाऱ्याने जोडा केला, आणि बाबा तो वापरतो.

मी पट्टी पाण्यात बुडवली आणि गुंडाळली. बाईंनी पाऊल धरलं, बाळांचं धरतात तसंच. प्लास्टर बसताना गरम होतं, तसं ते झालं, आणि बाबा त्याकडे टक लावून बघत राहिला. बाहेरून वरचा भाग गुळगुळीत केला की आतलं पाऊल कसं आहे ते चटकन कळत नाही. टणक झालं तशी मी सुरी उचलली.

“अंमळ ऱ्हाऊ दे,” बाबा म्हणाला.

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. बाबाने आमच्या दोघांच्या खांद्यांना धरून एका पायावर लंगडत बाहेरचा बाक गाठला आणि तो बाळांची प्लास्टरं सुकायची वाट बघणाऱ्या त्या आयांच्या रांगेत जाऊन बसला, पांढरा पाय पुढे सरळ ठेवून. शेजारच्या बाईच्या मांडीवरच्या बाळाचा पायही तसाच होता. तिने विचारलं, “बाबा, तुमचं कितवं?”

“पयलंच,” गोमाबाबा म्हणाला.

इंगूबाई त्याच्या बाजूला जाऊन बसल्या. मी सुरी पेटीत ठेवली आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.